फुली मारलेलं घर

ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, त्यामुळे नमस्कार कागदावरच घालते आहे. आशीर्वाद मात्र तू पूर्ण दे.) तुझी साखर कशी आहे? आटोक्यात आहे असं परवा फोनवर म्हणालीस, पण म्हणताना तुझ्या तोंडात काहीतरी घोळत होतं आणि ती औषधाची गोळी नव्हती, एवढं मला कळतं. भाऊजींचा खोकला काही बरा दिसत नाही. तुझ्या आवाजापेक्षा तोच मला स्पष्ट ऐकू येतो, यावरून ते फोनच्या किती जवळ बसलेले असतात याचा अंदाज येतो. हे सगळं फोनवर न सांगता पत्रात लिहिते आहे ते त्यामुळेच. तुझा फोन स्पीकरवर आणि शेजारी भाऊजी, इकडे आमचे हे तोंडासमोर पेपर धरून अर्धा तास एकच पान वाचत बसणार. दोघी बहिणींनी चार शब्द बोलायचे म्हटले की चौघांची सभा भरते, आणि सभेत माझं कुणी ऐकत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तर घर. ह्यांना निवृत्त होऊन आठ महिने झाले, म्हणजे कारखान्याचं क्वार्टर आम्ही रिकामं करायला हवं होतं त्यालाही सहा महिने उलटले. ह्यांनी अर्ज केला, मुदत वाढली. पुन्हा अर्ज केला, पुन्हा वाढली. आता पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत तुम्ही सामान बाहेर काढलं नाहीत तर आम्ही काढू, असं कारखान्याने अतिशय सभ्य भाषेत कळवलं आहे. इथलं माझं स्वयंपाकघर तुला आठवत असेल. तीन भिंती आणि एक दार. खिडकी नाही. (नकाशात होती म्हणे. कारखान्याच्या कुंपणाची भिंत वाढवली तेव्हा ती बुजवली.) तेहेतीस वर्षं मी भरदुपारी दिवा लावून भाजी चिरली आहे. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे मला आत येणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरून कळायचं. मला संगमरवर नको, गच्ची नको, फाटकावर नाव नको. ओट्यापाशी उभं राहिल्यावर रस्त्याने कोण चाललंय ते दिसेल अशी एक खिडकी हवी. हे मागणं फार आहे का, ते तूच सांग.

पण घर शोधणार कोण, तर आमचे हे. ह्यांची नोकरी तुला ठाऊकच आहे, नळांच्या कारखान्यात तपासनीस. पट्ट्यावरून नळ येणार, हे तो उघडणार, बंद करणार, कानाशी धरून हलवणार, उलटा करून खालून बघणार, आणि मनाला आलं नाही की पिवळ्या खडूने त्याच्या बुडाला गोलात फुली मारून खाली नंबर घालणार. कारखान्यात ह्यांना फुलीसाहेब म्हणत. (तोंडावर. पाठीमागे साहेब गळून नुसती फुली उरायची.) तो खडू साधा नाही, पाण्याने काय, साबणानेही पुसला जात नाही. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी येतात. आमचे हे घड्याळ आणि खडूंचा अख्खा डबा घेऊन आले.

घर शोधण्याची ह्यांची एक पद्धत आहे. जे घर सहा महिने तरी विक्रीला पडून आहे, तेच बघायचं. नव्या जाहिरातीमागे धावतात ते सगळे मूर्ख. रेंगाळलेल्या घराचा मालक कसा मऊ झालेला असतो, त्याच्याशी बोलता येतं. इथपर्यंत मलाही पटलं. आमच्या लेकीने तर इंटरनेटवरून वाचून तेच कळवलं, की रेंगाळलेल्या घराला घाबरू नका, ते का रेंगाळलं एवढं विचारा. बिचारीने चांगल्या मनाने कळवलं, पण हे नेमके त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात जाऊन रुतले. दारात चपला काढायच्या आधी ह्यांचा प्रश्न, का विकलं गेलं नाही? मालकाने कारण सांगितलं तर कारण आहे म्हणून नापास. कारण नाही म्हणाला तर लपवतोय म्हणून नापास. एक मालक प्रामाणिकपणे म्हणाला, मलाही कळत नाही हो, तर स्वतःच्या घराचं कळत नाही तो माणूस बेजबाबदार, सबब नापास. तुझ्या लक्षात आलं ना? जे घर लवकर विकलं जाईल ते बघायचं नाही, आणि जे विकलं जात नाही ते घ्यायचं नाही. या पद्धतीने गेल्या दोन वर्षांत आम्ही एकतीस घरं पाहिली. मी पाहुणी म्हणून आयुष्यात तेवढ्या घरांत गेलेले नाही.

आता सगळीच घरं गुणाची होती असं मी म्हणणार नाही. एका घरात जिन्याची एकही पायरी दुसरीच्या उंचीची नव्हती. मालक म्हणाले, व्यायाम होतो. एक घर दोन भावांचं होतं, त्यातल्या खालच्या भावाला विकायचं होतं आणि वरच्याला नव्हतं. खालचा आम्हाला खोल्या दाखवत होता तेव्हा वरचा कठड्यावरून, घेऊ नका, घेऊ नका, असं ओरडत होता. एका घरात अत्तर इतकं फवारलं होतं की मी शिंकतच आत गेले आणि शिंकतच बाहेर आले. तिथे एक भलंमोठं कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. ह्यांनी ते एकट्याने सरकवलं (घरचं कपाट सरकवताना ह्यांची कंबर धरते), तर मागे ओलीचा डाग निघाला, बरोब्बर कपाटाच्या मापाचा. डागाचं माप घेऊन कपाट बनवून घेतलं असणार. त्या दिवशी हे बरोबर होते, आणि ताई, तो दिवस मी अजून भोगते आहे. कारण तेव्हापासून ह्यांना प्रत्येक कपाटामागे डाग दिसतो. डाग नसला तर हे म्हणतात, पुसलाय.

शिवाय तपासणी कशी, तर खिशात काचेची गोटी. ती जमिनीवर सोडायची आणि कुठे घरंगळते ते बघत तिच्यामागे रांगत जायचं. परक्या लोकांच्या पलंगाखालून ह्यांचे पाय बाहेर आलेले मी इतक्या वेळा पाहिले आहेत की आता मला लाज वाटेनाशी झाली आहे. मग सगळे नळ. उघड, बंद कर, कान लाव. आपल्या कारखान्याचा नळ निघाला तर त्याला दोन मिनिटं जास्त. आणि शेवटी ती फुली. हो ग, तीच. नापास केलेल्या वस्तूला फुली मारल्याशिवाय ह्यांचा हात खालीच येत नाही. कुणाचं लक्ष नाही असं बघून हे दाराच्या मागच्या बाजूला नाहीतर माळ्याच्या फळीवर गुपचूप खडू ओढतात आणि खाली घराचा नंबर घालतात. मी दोनदा भांडले. पुन्हा तेच घर कुणी आपल्याला दाखवू नये म्हणून, असं उत्तर मिळालं. तोच नंबर हे डायरीतही लिहून ठेवतात, त्यामुळे फुलीची काहीच गरज नव्हती, पण ते असो.

एजंटही आम्हाला ओळखायला लागले. सुरुवातीला चार होते, तिघांनी आमचे फोन घेणं सोडलं. उरला एक. त्याचं नाव मी होऊनजाईल ठेवलं आहे, कारण काहीही विचारा, तो तेच म्हणतो. छत गळतंय? होऊन जाईल. कागदपत्रं? होऊन जाईल. दार उघडत नाहीये? तेही होऊन जाईल. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, एक शेवटचं दाखवतो, वीस महिने पडून आहे. वीस महिने ऐकल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती आमच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा नाही.

घर एका निवृत्त नर्सबाईंचं. एकटीच असते. तिला हे विकून दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे राहायला जायचं आहे. दोघींनी तीस वर्षं एका वॉर्डात काढली, आता म्हातारपण एका घरात काढू असं ठरवलेलं. मैत्रीण तिकडे वीस महिने वाट बघते आहे आणि अलीकडे तिला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ही घायकुतीला आलेली. ताई, बाई अशी की दारातच आम्हाला थांबवून तिने घराचे दोष सांगितले. सकाळी नऊ ते दहा वरच्या मजल्यावर पाणी करंगळीएवढं येतं. मागची खोली उन्हाळ्यात तापते. शेजारचे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून बासरी शिकताहेत, आणि अजून शिकतच आहेत. एवढं सांगून म्हणाली, आता या आत. मला हे फार आवडलं. सुई टोचायच्या आधी दुखेल म्हणून सांगणारी नर्स मला आजवर एकच भेटली होती, ही दुसरी. होऊनजाईलने मात्र कपाळाला हात लावला.

मग मी स्वयंपाकघरात गेले. काय सांगू तुला. ओट्याच्या वर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, हातभर रुंद खिडकी. उघडली तर समोर रस्ता, पलीकडे शिवणकामाचं दुकान, एक बाई फाटकाला टेकून दुसरीशी बोलत होती. मी तिथेच उभी राहिले. ओट्यावर हात ठेवला. परक्या घराच्या ओट्यावर असा हात ठेवू नये, कळतं मला, पण ठेवला. आणि मला एकदम रडू आलं ग. तेहेतीस वर्षं मी कधी तक्रार केली नाही असं मला वाटत होतं. त्या खिडकीत उभी राहिल्यावर कळलं की मी केवढी तक्रार गिळून बसले होते. हेच घर हवं, दुसरं नको, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. डोळे पुसून बाहेर येते तो हे कोठीच्या खोलीत, दार आतून लोटून, गुडघ्यावर बसलेले.

कोठीच्या दाराच्या मागच्या बाजूला एक फुली होती. पिवळी, गोलाकारात, खाली नऊचा आकडा. घराला अलीकडेच पांढरा रंग दिलेला, दारांनाही, पण रंगाऱ्याने ती फुली बाजूने कोरून शिल्लक ठेवलेली. नर्सबाई म्हणाली, ही मेली इथे कुणी आणि कधी काढली देव जाणे. मागच्या वर्षी ती मैत्रिणीला भेटायला गेली असताना जुन्या एजंटने शेजारून किल्ली घेऊन कुणाकुणाला घर दाखवलं, त्यानंतर दिसली. एजंट म्हणाला, कुणी मोठे इंजिनिअर होते. बाईला वाटलं सरकारी खूण असेल, पुसली तर दंड व्हायचा, म्हणून हात लावला नाही. तेव्हापासून जे गिऱ्हाईक येईल ते फुलीपाशी येऊन थबकतं. एक म्हणाला, घराला नऊ तडे आहेत. एक म्हणाला, नऊ वर्षांत पडणार. एका जोडप्याने तर, या घरात नऊ माणसं गेली का हो, असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच निघून गेलं. आधी चार लोकांनी तरी नंतर सांगतो म्हटलं होतं. फुलीनंतर कुणी नंतरसुद्धा म्हणालं नाही.

हे सगळं आमचे हे अत्यंत गंभीरपणे ऐकत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फुलीवरून बोट फिरवलं. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, हे जाणकार माणसाचं काम आहे, तपासणीच्या क्षेत्रातला हात दिसतोय. रेघ बघा, कुठे थरथर नाही, असा माणूस उगाच फुली मारणार नाही. ताई, ह्यांनी तेहेतीस वर्षांत माझ्या कुठल्या कामाची इतकी तारीफ केलेली नाही. मी ती रेघ तेव्हाच ओळखली होती. हे मात्र आपल्याच तंद्रीत, मान डोलावत. घर नापास झालंच होतं, तेव्हा सवयीने हात खिशात गेला, खडू बाहेर आला, आणि आम्हा तिघांच्या देखत ह्यांनी जुन्या फुलीखाली नवी फुली काढली. गोलाकारात. खाली एकतीस.

दोन्ही फुल्या एकीखाली एक. जुळ्या म्हटल्या तरी चालतील इतक्या सारख्या. शेजारून बासरीचा एक सूर आला आणि मध्येच थांबला. हे एकदा वर बघत होते, एकदा खाली, एकदा हातातल्या खडूकडे. शेवटी नर्सबाईच शांतपणे म्हणाली, "म्हणजे ते इंजिनिअर तुम्हीच होय!"

त्या नऊ नंबरच्या वेळी मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते आणि ह्यांनी एकट्याने एका दिवसात पाच घरं पाहिली होती. समोरचा रस्ता खणलेला म्हणून मागच्या गल्लीतून आत गेले, भिंती तेव्हा हिरव्या होत्या, आणि तसेही हे घरात गेले की घर बघत नाहीत, नळ बघतात. मी नंतर डायरी काढून पाहिली. नंबर नऊ. 'सात महिने पडून आहे. पुष्कळ शोधूनही कारण सापडले नाही. त्या अर्थी कारण मोठे असणार. नापास.' त्याखाली तारीख आणि सही. बाईच्या आयुष्याचं तेरा महिन्यांचं नुकसान दोन ओळींत.

नर्सबाई आधी हसली. हसता हसता स्टुलावर बसली, मग एकाएकी थांबली आणि तिच्या मैत्रिणीच्या पायऱ्यांबद्दल बोलली, तेव्हा मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. नंतर तिने एक फडकं रॉकेलमध्ये भिजवून ह्यांच्या हातात दिलं. दोन्ही पुसा, एवढंच म्हणाली. तिचं ऐकलं नाही असा एकही रुग्ण झाला नसणार. हे अर्धा तास दार घासत होते. होऊनजाईल होऊन जाईल म्हणाला नाही, यावरून प्रसंगाची कल्पना कर. मी त्या वेळात पुन्हा खिडकीत जाऊन उभी राहिले. कुणीतरी चांगल्या जागी उभं असायला हवं होतं.

तुला वाटेल, आता तरी माणूस वरमला असेल. वरमले, कोपऱ्यापर्यंत. वळणावर आले आणि थांबून म्हणाले, फुली मी मारली हे मान्य, पण मी फुली मारायच्या आधीही ते सात महिने पडूनच होतं, त्याचं काय? मी तशीच मागे फिरले (गुडघ्यासकट) आणि बाईला विचारून आले. कारण एवढंच की जाहिरात तिच्या भावाने दिली होती. किंमत त्याने आपल्या मनातल्या राजवाड्याची लावली, आणि फोटो पाच टाकले त्यातले चार न्हाणीघरातल्या फरशीचे, कारण फरशी त्याने स्वतः बसवली होती. पाचव्यात तो स्वतः होता. किंमत पुढे खाली आली, पण तोवर सगळ्यांनी हे घर जुनं म्हणून ओळखायला सुरुवात केली होती. बस, यापलीकडे काही रहस्य नाही.

ताई, एकतीस घरं हिंडून मला जे कळलं ते फुकट सांगते. घर रेंगाळलं की लोकांना वाटतं, आधी येऊन गेलेले सगळे शहाणे होते. आधी येऊन गेलेले कोण असतात हे मी पाहिलं आहे. एक जण अजून न घेतलेल्या सोफ्याची जागा मापत असतो, एक जोडपं रविवार जात नाही म्हणून आलेलं असतं, आणि एक आमचे हे असतात. ते नाही म्हणाले म्हणून आपणही नाही म्हणायचं, त्याला विचार म्हणत नाहीत. कपाट जरूर सरकवावं, पाणी कधी येतं ते शेजारणीला विचारावं, भिंतीला हात लावून बघावा. दोष निघाला तर तो घेऊन आपल्याला राहता येईल का, एवढं मनाशी ठरवावं. आणि दोषच निघाला नाही, तर गप्प घर घ्यावं. नाही निघाला म्हणून मोठा असणार, असं डायरीत लिहू नये.

घरी आल्यावर मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी हे माझ्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले आणि आपणहून बोलायला लागले. कारखान्यात म्हणे दोन चिठ्ठ्या असायच्या. लाल चिठ्ठी, म्हणजे नापास, तिच्यावर एकट्या ह्यांची सही चालायची. हिरवी चिठ्ठी, म्हणजे पास, तिच्यावर ह्यांच्या सहीला किंमत नव्हती, वरिष्ठांची लागायची. तेहेतीस वर्षं. लाखांनी चांगले नळ ह्यांच्या हातून गेले, पण ते पास केले दुसऱ्यांनी. हे म्हणाले, मला नाही म्हणायचं माहीत आहे ग, हो म्हटलं की मागे कुणीतरी उभं आहे का ते मी बघतो आणि आता कुणी नसतं. ताई, मी जिच्यावर इतके दिवस चिडले होते ती खोड नव्हती, ती भीती होती. मला फार वाईट वाटलं. चिडायचं मात्र मी सोडलेलं नाही, कारण शेवटची तारीख कुणाच्या भीतीसाठी थांबत नाही आणि नर्सबाईची मैत्रीणही.

बाकी सर्व ठीक. गोड कमी खा. माझ्यावर लोभ आहेच, तो आहे तेवढाच राहू दे, वाढला की तू रोज फोन करतेस.

तुझी,
धाकटी

ता. क. : आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. ह्यांना वरिष्ठांची सही हवी आहे. आपल्या नात्यात वयाने आणि हुद्द्याने वरिष्ठ असे एकच, भाऊजी. ते हेडक्लार्क होते आणि आयुष्यात त्यांनी एकही कागद वाचून सही केलेली नाही, हे तूच मला सांगितलं आहेस. तेच इथे हवं आहे. एका कोऱ्या कागदावर 'घर पाहिले, योग्य आहे' असं लिहून खाली त्यांची ती मोठी लफ्फेदार सही घे आणि उलट टपाली पाठव. हे त्यांना मनातून कमी लेखतात, पण सहीपुढे ह्यांचं काही चालत नाही. भाऊजींनी घर बघायची गरज नाही. खरं तर बघूच नये, त्यांना आवडलं तर ते स्वतःच घेऊन बसतील.

ता. क. २ : सौ. ताई यांस नमस्कार. सदर पत्र पेटीत टाकण्यासाठी माझ्याकडे देण्यात आले, पाकीट उघडे आढळल्याने तपासले. मजकूर सर्वसाधारणपणे बरोबर आहे. दार घासण्यास वीस मिनिटे लागली, अर्धा तास नव्हे. साडूसाहेबांच्या सहीची आवश्यकता नाही. आज सकाळी मी एकटा जाऊन सदर घर पुन्हा पाहिले. नळ तपासले नाहीत. स्वयंपाकघरातील खिडकीत दहा मिनिटे उभा राहिलो. एका कागदावर पास असे लिहून सही केली आहे, आयुष्यातील पहिलीच असल्याने जरा वाकडी आली. वरिष्ठांचा रकाना मोकळा ठेवला आहे. तिथे आपल्या भगिनीने सही करावी, अशी विनंती तिला तोंडी करणे जमत नाही, म्हणून हे पत्र टाकण्यापूर्वी तिच्यासमोर पुन्हा ठेवत आहे.

ता. क. ३ : सही केली ग. अक्षर ह्यांच्याहून वाकडं आलं. सांगायला लाज कसली, दोघंही रडलो. पण ताई, पत्र दोन दिवस थांबवून हे लिहिते आहे, कारण आज मी त्या घरी जाऊन आले. नर्सबाईने व्यवहार पुरा व्हायच्या आधीच किल्ली माझ्या हातात कोंबली, मिठी मारली आणि मागे वळूनसुद्धा न बघता रिक्षात बसली. वीस वर्षं राहिलेली बाई मागे वळून बघत नाही? मग मी एकटीच खिडकीत उभी राहिले. रस्त्याने माणसं जात होती, आणि ताई, जाणारा प्रत्येक जण मान वळवून आमच्या घराकडे बघत होता. एक तर पुढे जाऊन दुसऱ्याशी काहीतरी बोललादेखील. मला सांग, वीस महिने हे घर एकाही माणसाने का घेतलं नसेल? ह्यांना विचारायची सोय नाही, हे इतके खुशीत आहेत की सगळ्या भिंतींना चांगलं म्हणत फिरताहेत. तू आणि भाऊजी रविवारी निघूनच या. दोघं मिळून कानाकोपरा बघा आणि लहानशी का होईना, एखादी खोट शोधून काढा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.